औषध कोणाच्या देहावर तपासले?



औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला एक पातळ कागद असतो. बहुतेक घरांत तो खोक्याबरोबरच केरात जातो. मात्रेविषयी त्यावर बहुधा एवढेच छापलेले असते की, प्रौढांनी अमुक मिलिग्रॅम घ्यावे. वकिलीचा धंदा करणाऱ्या माणसाची नजर त्या 'प्रौढ' शब्दावर अडते. कायद्यात एखादा शब्द वापरावयाचा तर त्याची व्याख्या आधीच्या कलमात द्यावी लागते; ती नसेल तर या शब्दात कोण येतो आणि कोण येत नाही, असे न्यायालय विचारते. औषधाच्या कागदावरील हा प्रौढ कोण? पुरुष की स्त्री? पोटभर जेवणारा की अर्धपोटी राबणारा? ज्यांच्या देहावर ते औषध प्रथम तपासले त्या माणसांची गणती कोणी केली, आणि त्या गणतीत तुमच्या घरातील माणसासारखे एक तरी माणूस होते काय? हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, आपण त्यात कशास पडावे, असे समजू नका. ज्याची गणतीच झाली नाही त्याच्या वतीने कोणत्याही कचेरीत कागद पुढे सरकत नाही.

उत्तर शोधावयाचे तर प्रथम अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण तेथे हा वाद कायद्याच्या पुस्तकापर्यंत गेला आणि त्याची लेखी नोंद राहिली. वादाचे मूळ मात्र युरोपात आहे. थॅलिडोमाइड नावाचे औषध १९५७ पासून पश्चिम जर्मनीत व पुढे अनेक देशांत विकले गेले. गरोदरपणातील मळमळीवर ते स्त्रियांना देण्यात आले, आणि जगभरात सुमारे दहा हजार मुले व्यंग घेऊन जन्मास आली. स्त्रीच्या देहावर होणारा परिणाम यापुढे अधिक काळजीने तपासावा, हा त्यातून घ्यावयाचा धडा होता. घेतला गेला तो अगदी उलटा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये अशी मार्गदर्शिका काढली की, मूल होण्याचा संभव असलेल्या वयातील स्त्रियांना औषधचाचणीच्या आरंभीच्या टप्प्यांत घेऊच नये. हेतू रक्षणाचा होता, याबद्दल मला शंका नाही. रक्षणाच्या नावाने उंबऱ्याबाहेर ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही, एवढेच येथे म्हणतो. चाचणी पुरुषांवर झाली आणि गोळी मात्र सर्वांच्या हाती पडली.

याचे फळ काय झाले ते एका उदाहरणाने पाहू. अमेरिकेतील २२,०७१ डॉक्टरांवर एक मोठा प्रयोग झाला. दिवसाआड ॲस्पिरिन घेतल्याने हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा धोका ४४ टक्क्यांनी घटतो, असा त्याचा अंतिम निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या २२,०७१ जणांत एकही स्त्री नव्हती. स्त्रियांवरील प्रयोग पुढे ३९,८७६ जणींवर झाला आणि त्याचा निष्कर्ष आला २००५ मध्ये. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यात एकंदरीने लक्षणीय फरक पडला नाही. पक्षाघात मात्र १७ टक्क्यांनी घटला. एकच गोळी, पण पुरुषांत तिने एक काम केले आणि स्त्रियांत दुसरे. हे कळावयास सोळा वर्षे लागली. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचेही तसेच. ते तेथे १९९२ मध्ये मंजूर झाले. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालविताना गुंगी राहते, म्हणून त्यांची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणण्याचे पाऊल उचलले गेले जानेवारी २०१३ मध्ये. वीस वर्षे स्त्रियांनी पुरुषाच्या मापाची गोळी घेतली.

जून १९९३ मध्ये तेथे कायदा झाला. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या, माणसांवरील संशोधनात स्त्रिया व अल्पसंख्य गट यांचा समावेश करावा, असे त्याने सांगितले. कायदा येथेच थांबला असता तर मी त्याची फारशी मातब्बरी मानली नसती. त्यापुढे जाऊन त्याने म्हटले की, मोठ्या चाचण्यांची रचनाच अशी असावी की औषधाचा परिणाम या गटांवर निराळा होतो काय, याचे ग्राह्य विश्लेषण करता यावे. आणि खर्च वाढतो हे कोणास वगळण्याचे कारण म्हणून चालणार नाही. हे शेवटचे वाक्य आपल्या मुलांकडून पाठ करून घ्यावे असे आहे. पैसा नाही, या एका सबबीवर आपल्या वस्तीतील नळ, शाळा, दवाखाना आणि स्मशानाची वाट किती वर्षे अडून राहिली ते तुम्ही जाणताच.

तरीही कायदा झाला म्हणजे काम झाले असे नाही. अशा सरकारी पैशावर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्या काही अभ्यासकांनी पुढे तपासल्या. स्त्रियांची भरती निम्म्याच्या जवळ पोहोचली होती; पण स्त्री व पुरुष यांचे निकाल वेगळे मांडणाऱ्या अथवा हिशेबात धरणाऱ्या चाचण्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच होत्या. दारातून आत घेतले, पण हजेरीपटावर नाव चढविले नाही. दुसरी गोष्ट अलीकडची आहे. मोठ्या औषधचाचण्यांत कोणत्या गटांतील किती माणसे घेणार याची योजना कंपन्यांनी आधी द्यावी, असा कायदा अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस झाला. त्यासंबंधीच्या मार्गदर्शिकेचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये प्रशासनाने आपल्या संकेतस्थळावरून उतरविला आणि न्यायालयाच्या आदेशाने तो परत लावावा लागला. वकील या नात्याने मी यातून एवढेच काढतो की, परिपत्रकाने मिळालेली गोष्ट एका सायंकाळी नाहीशी होऊ शकते. अधिनियमातील कलम काढावयाचे तर विधिमंडळात उभे राहून बोलावे लागते. मागणी करावयाची तर कलमाची करावी.

आता याची दुसरी बाजू. संशोधनात घेतले न जाणे हा एक अन्याय आहे. भलत्याच रीतीने घेतले जाणे हा दुसरा, आणि तो गरिबांच्या वाट्याला अधिक येतो. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष सरकारी अभ्यासात ठेवले होते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश झालेला होता. पेनिसिलिन हाती आल्यावरही ते त्यांना दिले नाही, कारण उपचाराविना रोग कोठवर जातो हे पाहावयाचे होते. आपल्याकडे २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या लसीचा प्रकल्प राबविण्यात आला. खम्मममधील अनेक मुली आदिवासी होत्या व वसतिगृहांत राहत होत्या. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात नोंदविले आहे की, आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या अथवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. लस वाईट, असे येथे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते आणि ती आपल्या मुलींना मिळावयास हवी. अधीक्षक हा मुलीचा बाप नव्हे, एवढाच माझा मुद्दा आहे. तेथे त्या मुलींची संख्या कोणाला कमी वाटली नसती. केवळ संख्या मोजून हक्क मोजला जात नाही, तो असा.

येथवर वाचल्यावर तुमच्यापैकी अनेकांच्या मनात जो प्रश्न येईल तो मला ठाऊक आहे, कारण तो मला पुष्कळदा विचारला गेला आहे. आम्ही दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, जात मागे टाकली. आता पाहणीसाठी दारात आलेल्या कर्मचाऱ्याने जात विचारली, तर ती आम्ही पुन्हा तोंडाने का उच्चारावी?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. गटाचे नाव लिहून घेणारे शास्त्र त्या नावाचे पुढे काय करील याचा भरवसा नसतो. मूत्रपिंड किती काम करते याचा अंदाज डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन, वय व लिंग यांवरून एका सूत्राने काढतात. २००९ मध्ये अमेरिकेत रूढ झालेल्या सूत्रात आणखी एक पायरी होती: रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेल्या उत्तरास १.१५९ ने गुणावे. रक्त तेच, वय तेच, लिंग तेच. वर्णाच्या रकान्यामुळे मूत्रपिंड मात्र कागदावर सोळा टक्के अधिक धडधाकट झाले. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव चढते ते हा आकडा एका मर्यादेखाली उतरल्यावर. कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा फुगविलेला असल्याने त्याचे नाव उशिरा चढे. मूळ अभ्यासांत दोन गटांच्या सरासरीत फरक दिसला होता हे खरे. पण तो फरक का पडला, हे न शोधता तो वर्णाच्या नावावर टाकून सूत्रात बसविला गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथील तज्ज्ञ समितीने वर्णाचा गुणक काढून टाकलेले सूत्र सुचविले, आणि २०२३ पासून प्रत्यारोपण केंद्रांना अशा रुग्णांचा प्रतीक्षाकाळ मागे जाऊन दुरुस्त करावा लागला.

आपल्या देशातही मोजमापाचा असा इतिहास आहे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांची नाके मोजली आणि नाक जितके रुंद तितका दर्जा खालचा, असा नियम मांडला. हाच गृहस्थ १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमाविषयीच्या १९४८ च्या ग्रंथात नाकांच्या मोजमापाचे आकडे हाती घेतले आणि त्यांच्याच आधारे दाखविले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश निराळा ठरत नाही. मोजपट्टी त्यांनी फेकून दिली नाही. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोडला. मोजणीची किंमत ते जाणून होते. १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या एकाएकी कमी करून दाखविण्याची चढाओढ काही प्रांतांत लागली, तेव्हा त्या समितीचे सदस्य या नात्याने तिच्याविरुद्ध त्यांनाच लढावे लागले.

म्हणून माझे उत्तर असे आहे. रकान्यातील जात हे तुमच्या रक्ताचे वर्णन नव्हे आणि तुमच्या श्रद्धेचेही नव्हे. समाजाने तुमच्याशी कसे वर्तन केले, विहीर किती दूर ठेवली, गटार कोणाकडून उपसून घेतले, दवाखान्यात नाडी धरली की लांबूनच औषध लिहून दिले, या वागणुकीची ती नोंद आहे. चोरी झालेल्या घराचा मालक फिर्यादीत चोराचे वर्णन लिहून देतो, म्हणून त्याने चोरास घरचा मानले असे होत नाही. कायदाही येथे आड येत नाही. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध व्यक्ती अनुसूचित जातीची असू शकते हे केंद्रीय कायद्याने मान्य केलेले आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले म्हणून जातीचा रकाना मोकळा सोडावा लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत धर्म व सामाजिक गट हे प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. दुसऱ्या प्रश्नास 'आम्हांला जात नाही' असे उत्तर दिले की ते घर अनुसूचित जातींच्या ओळीतून निघून जाते, आणि त्या घरातील कुपोषित मूल दुसऱ्याच कोणाच्या सरासरीत विरून जाते. १९५१ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार होती, १९६१ मध्ये ती सुमारे ३२ लाख ५० हजार झाली. ती कागदावर आली कारण घरोघरच्या माणसांनी आग्रहाने तसे लिहून घेतले. पुढील जनगणनेत, जिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा अधिसूचित झाला आहे, सर्वांच्या जातीची नोंद घेण्याचे ठरले आहे. दोन्ही रकाने भरा.

जातीची नोंद घेतली तर काय कळते, याचेही एक उदाहरण आहे. २०१०-११ च्या एका मोठ्या सरकारी पाहणीत नऊ राज्यांतील सुमारे दोन कोटी लोकांची माहिती गोळा झाली. तिच्यावरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले की, सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आहे, आणि केवळ गरिबीने या फरकाचा पुरता उलगडा होत नाही. पैसा सारखा असतानाही जे आयुष्य उणे पडते, ते कोणी उणे केले? हा प्रश्न आकड्यांनीच उभा केला आहे. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. देशाची नमुना नोंदणी पद्धत आयुर्मान स्त्री-पुरुष, ग्रामीण-नागरी आणि राज्यवार देते. जातवार देत नाही.

येथे एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगणे भाग आहे, मग ती कोणास कडू लागो. सभांतून आणि पत्रकांतून असा आकडा फिरतो की, दलित स्त्रीचे आयुर्मान सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालामुळे तो सर्वत्र गेला. तेथील आकडे ३९.५ आणि ५४.१ हे मृत्यूसमयीच्या सरासरी वयाचे आहेत. ते आयुर्मान नव्हे. ज्या वस्तीत लेकरे अधिक, तेथील एकूण मृत्यूंत लेकरांचे मृत्यूही अधिक पडतात आणि ही सरासरी खाली येते. दोन समाजांतील वयांची रचना निराळी असेल तर तेवढ्यानेच मोठे अंतर दिसू लागते. आयुर्मानाचा हिशेब प्रत्येक वयातील मृत्यूचे प्रमाण धरून करतात. उलटतपासणीत विरुद्ध पक्षाचा वकील हा फरक पहिल्या पाच मिनिटांत बाहेर काढील, आणि मग आपला खरा पुरावाही न्यायाधीशाच्या डोळ्यांत संशयित ठरेल. तीन वर्षांचा टिकणारा आकडा चौदा वर्षांच्या मोडणाऱ्या आकड्याहून मला अधिक मोलाचा वाटतो. तीन वर्षे थोडी आहेत काय?

स्त्रियांविषयी आणखी थोडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. यातील काही भाग देहाचा आहे: पाळी, गरोदरपण, बाळंतपण. काही भाग देहाचा मुळीच नाही. तो सर्वांना वाढून झाल्यावर तव्याखाली उरलेल्या अर्ध्या भाकरीचा आहे. पहिल्यास शास्त्र लिंग म्हणते, दुसऱ्यास लिंगभाव. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की गोळ्या वाटल्या जातात आणि जेवणाची पंगत जशीच्या तशी राहते. दीक्षा घेतलेल्या घरांतही ती पंगत बदलली आहे काय, हे ज्याने त्याने आपल्या चुलीपाशी पाहावे.

त्यातही आपल्या स्त्रीची एक निराळी अडचण आहे, आणि ती न्यायालयाच्या एका निकालातून चांगली उमगते. १९७६ मध्ये अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्स कंपनीविरुद्ध दावा लढविला. कंपनीने १९६४ पूर्वी एकही कृष्णवर्णीय स्त्री कामावर घेतली नव्हती, म्हणून कपातीत त्या आधी गेल्या. कंपनीत स्त्रिया होत्या, पण गोऱ्या. कृष्णवर्णीय होते, पण पुरुष. न्यायालयाने दोन्ही कारणे एकत्र करू दिली नाहीत आणि दावा टिकला नाही. आरोग्याच्या तक्त्यांतही हेच घडते. एका तक्त्यात स्त्री-पुरुष, दुसऱ्यात जाती. ऊस तोडणारी, वा घंटागाडीवर कचरा वेचणारी बौद्ध स्त्री दोन्हींत विभागली जाते आणि कोणत्याही एका चौकटीत सबंध दिसत नाही.

आपल्या देशातील नियमांची स्थिती सांगून हा लेख संपवितो. औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून तिच्यात नोंद सक्तीची आहे. त्यात लिंगाचा रकाना आहे, पण तो कोणास घेता येईल हे सांगतो. प्रत्यक्ष कोणास घेतले ते नव्हे. मार्च २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियमांत संमती व नुकसानभरपाई यांची तरतूद आहे. सामाजिक गटवार विश्लेषण बंधनकारक करणारे, अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्यासारखे कलम त्यात नाही. ते यावे म्हणून निवेदने द्यावयाची तर तुमच्या मतदारसंघाचा खासदार ठाऊक असतोच. परंतु त्या नियमांत जे आहे त्याचाही उपयोग आपण करीत नाही. चाचणीसाठी कोणी सही मागितली तर माहितीपत्रक आणि भरलेल्या संमतिपत्राची प्रत तुमच्या हाती मिळालीच पाहिजे. वाचता न येणाऱ्या माणसाच्या संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई मागता येते. आणि प्रत्येक चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री व एक कायदा जाणणारी व्यक्ती असावी लागते. आपल्या वस्तीतील शिक्षिका, परिचारिका, वकील झालेल्या मुली या जागांसाठी पात्र आहेत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात अशी कमिटी असते. तिच्या सदस्यसचिवाच्या नावे साध्या कागदावर, आपले शिक्षण व पत्ता लिहून, पत्र पाठविता येते.